धरून ठेवणारी काच

चाकण सोडून नाशिकच्या दिशेने निघालो होतो. पुढे खडीचा डंपर, ताडपत्री अर्धीच बांधलेली. टच्चकन आवाज आला आणि समोरच्या काचेवर ज्वारीच्या दाण्याएवढा टवका दिसला. घरी येऊन बोटाने चाचपलं. बाहेरून खरखरीत लागत होतं, आतून मात्र काच जशीच्या तशी गुळगुळीत. फार काही झालं नाही, म्हणून निवांत झोपलो. सकाळी पाहतो तर त्या दाण्यातून हातभर लांब रेघ निघून थेट स्टिअरिंगसमोर आलेली. रात्रीत गाडीला कुणी हातही लावला नव्हता.

काचा बसवणाऱ्या एका मिस्त्रींकडे गाडी नेली. साठीच्या आसपासचे, चाळीस वर्षं हेच काम करणारे. "मामा, किती वेळ लागेल?" विचारलं, तर म्हणाले, "काढायला तास. बसवायला पाच मिनिटं. पण मग गाडी हलवायची नाही. चिकटायला वेळ द्यायचा." अर्धा दिवस मी त्यांच्या दुकानात बसून होतो, आणि तेवढ्या वेळात त्यांच्या तोंडून काचेबद्दल फार थोडं ऐकलं, जे ऐकलं ते चिकटण्याबद्दल. मोटारीच्या काचेचं कूळ शोधत मागे गेलं तरी हेच हाती लागतं. काच फुटूच नये हा हट्ट माणसाने लवकर सोडला. फुटली तरी सुटू नये, यासाठी सव्वाशे वर्षं खर्ची घातली.

पहिल्या मोटारींना समोर काच नव्हती. चालवणारा गॉगल लावायचा, अंगात लांब कोट घालायचा आणि धूळ खात जायचा. गाड्यांचा वेग वाढला तसा वारा आणि चिखल सोसेना, तेव्हा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात समोर एक उभी, सपाट काच आली. तीही बहुतेकदा वेगळे पैसे मोजून. घराच्या खिडकीला असते तशीच ती साधी काच होती. धूळ अडली, पण गाडी आदळली की बसलेला माणूस पुढे फेकला जायचा आणि पुढे काचच असायची. साध्या काचेचे तुकडे सुरीसारखे लांब होतात. चेहरे, गळे, डोळे यांच्या जखमा मोटारीबरोबरच रस्त्यावर आल्या.

१९०५ मध्ये इंग्लंडात जॉन क्रू वुड यांनी यावर एक पेटंट घेतलं. दोन काचा एकमेकींवर ठेवून मधे कॅनडा बाल्सम, म्हणजे भिंगं चिकटवायला वापरतात तो झाडाचा पारदर्शक डिंक, भरायचा. कल्पना बरोबर होती, पण तिने बाजारात मूळ धरलं नाही. जिचा वंश वाढला ती काच पॅरिसमध्ये जन्मली, एका चित्रकाराच्या हातून.

एदुआर बेनेदिक्तुस हे कापडाच्या आणि भिंतीच्या कागदांच्या नक्ष्या करणारे कलावंत. आर्ट डेको शैलीतले त्यांचे नक्षीसंग्रह आजही कलासंग्राहक शोधत असतात. त्यांना रसायनशास्त्राचाही नाद होता. गोष्ट सांगतात ती अशी : १९०३ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेतली काचेची एक कुपी उंचावरून खाली पडली. तिला सगळीकडून तडे गेले, पण ती विखुरली नाही, आकार धरून राहिली. कुपीत कधीतरी सेल्युलोज नायट्रेटचं द्रावण होतं. ते उडून गेलं होतं आणि आतून कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ थर तेवढा उरला होता. फुटलेला प्रत्येक तुकडा त्या पापुद्र्याने धरून ठेवला होता. पुढे मोटारींच्या अपघातात काचेने कापलेल्यांच्या बातम्या वाचताना त्यांना ती कुपी आठवली. १९०९ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. दोन बाजूंना काच, मधे सेल्युलोज नायट्रेटचंच सेल्युलॉइड : तीन थर, म्हणून नाव 'ट्रिप्लेक्स'.

हे सेल्युलोज नायट्रेट मराठी माणसाला वाटतं तितकं परकं नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' दाखवला, त्या काळची फिल्म याच पदार्थाची असे. ज्या दोषाने जुन्या चित्रपटांची रिळं पिवळी पडून ठिसूळ झाली, तोच दोष या काचेच्या पोटात होता. ऊन लागलं की मधला थर पिवळा पडायचा, कडांतून ओल शिरली की थर सुटायचे. शिवाय ती महाग होती. पहिल्या महायुद्धात मात्र तिला मोठं गिऱ्हाईक मिळालं, विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांसाठी. तिथे काच फुटून डोळ्यात जाणं परवडणारं नव्हतं, आणि वर्षानुवर्षं पिवळं न पडण्याची अटही नव्हती.

सर्वसामान्यांच्या गाडीत ती काच नेली हेन्री फोर्ड यांच्या कंपनीने, १९२७ च्या अखेरीस आलेल्या 'मॉडेल ए'मधून. इथे एक खटला सांगितलाच पाहिजे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात बॅक्स्टर नावाच्या गृहस्थांनी १९३० मध्ये 'मॉडेल ए' विकत घेतली. समोरची काच आघाताने विखुरणार नाही, असं कंपनीच्या छापील पत्रकांत होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात स्नोक्वाल्मी घाटातून जाताना समोरच्या गाडीने उडवलेला एक खडा काचेवर बसला, कण्या उडाल्या आणि त्यांचा डावा डोळा गेला. कंपनीचं म्हणणं, गाडी तुम्ही विक्रेत्याकडून घेतली, आमचा तुमचा करार कुठे आहे? १९३२ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. काच विखुरणारी आहे की नाही, हे गिऱ्हाइकाला नुसतं बघून कळण्यासारखं नसतं; तेव्हा बनवणाऱ्याने जे छापून सांगितलं, त्याला तो बांधील आहे. ग्राहकाच्या हक्कांचा कायदा शिकवताना हा निकाल अजून शिकवतात. माझ्या गाडीच्या काचेवरचा टवका पाहताना मला त्या गृहस्थांची आठवण वारंवार येत होती. खडा तेवढाच असेल. माझ्या बाजूची काच गुळगुळीत राहिली, कारण तडा बाहेरच्या पदरात गेला आणि मधल्या थरापाशी अडला.

तो मधला थर १९३० च्या दशकाच्या शेवटी बदलला. पॉलिव्हिनिल ब्युटिरल, तोंडात बसणारं नाव पीव्हीबी. हा पदार्थ पिवळा पडत नाही, थंडीत कडक होऊन दगा देत नाही, त्याला वेगळा डिंक लागत नाही आणि मुख्य म्हणजे तो ताणला जातो. तरीही एक भयंकर गोष्ट उरली होती. जोराच्या धडकेत डोकं काचेतून आरपार जायचं आणि गळ्याभोवती फुटक्या काचेची कडा राहायची. अमेरिकेतल्या १९६६ च्या गाड्यांपासून तो थर दुप्पट जाड झाला, ०.३८ मिलिमीटरचा ०.७६. एवढ्याने काच डोक्याला झेलून फुग्यासारखी ताणली जाऊ लागली. अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी जाडीने किती घरं वाचली असतील!

दुसरी एक शाखाही होती, टफन्ड काचेची. फ्रान्सच्या दे ला बास्ती यांनी १८७४ मध्ये तापलेली काच गरम तेलात बुडवून ती कणखर करण्याची रीत काढली. बाहेरचे पृष्ठभाग दाबात, गाभा ताणात; म्हणून ती सहज फुटत नाही आणि फुटली तर एकदम साबुदाण्यासारखे दाणे होतात. आजही गाडीच्या बाजूच्या काचा बहुतेकदा अशाच असतात. आपल्याकडे एके काळी समोरही तीच असायची. वडिलांच्या फियाटची काच खंडाळ्याच्या घाटात अशी गेली होती. खडा लागला आणि क्षणात सगळी काच पांढरी झाली, पुढचं काहीच दिसेना. वडिलांनी मुठीने समोर भोक पाडलं आणि गाडी कडेला घेतली. पुढची कित्येक वर्षं त्या गाडीच्या सीटच्या फटींत काचेचे दाणे सापडत होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ आले आणि पुढे समोरची काच थरांची, म्हणजे लॅमिनेटेडच हवी असं ठरलं. आज काचेच्या कोपऱ्यात जी बारीक अक्षरं आणि आयएसआयची खूण दिसते, ती या पोटजातीचा दाखला. काच घेताना ती वाचावी.

ज्या चाकणजवळ माझी काच तडकली, तिथे आज सेंट-गोबेन सेक्युरिटच्या कारखान्यात अशा काचा बनतात. तिथून थोड्या अंतरावर तळेगाव. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना तिथे १९०८ मध्ये सुरू झाला. त्यानंतर १९१६ मध्ये ओगल्यांचा कारखाना निघाला आणि 'प्रभाकर' कंदील घरोघरी गेला. काच कशी तडकते, हे आपल्याला त्या कंदिलांनी शिकवलं. पेटत्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की टच्च. आजी ओल्या हाताने कंदिलाला शिवू द्यायची नाही. उन्हात तापलेल्या गाडीत एसी जोरात लावला की टवक्याची रेघ होते, ती याच कारणाने.

पण रात्रीत, काही न होता रेघ वाढते ती कशी? १९२१ मध्ये इंग्लंडच्या ग्रिफिथ यांनी काचेच्या बारीक तारा ओढून, तोडून पाहिल्या आणि दाखवून दिलं, की काचेचा कमकुवतपणा तिच्या अंगावरच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरांत असतो. चिरेच्या टोकापाशी सगळा ताण एकवटतो. त्या टोकाशी हवेतली ओल पोहोचली की काचेतले बंध एकेक करून सुटत जातात. माझी गाडी उभी होती, तरी चीर रात्रभर चालत होती. म्हणूनच टवका ताजा असताना त्यातली हवा शोषून आत पारदर्शक राळ भरली, तर बहुतेकदा काच वाचते. मी दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली, तिथे काच गेली.

मिस्त्रींनी काम सुरू केलं. पूर्वी काच रबराच्या बीडिंगमध्ये बसायची. खोबणीत दोरी घालून, काच टेकवून, आतून दोरी ओढत गेलं की रबराचा ओठ पत्र्यावर चढत जाई. "ती बसवायला मजा होती," मामा म्हणाले, "पण धडकेत अख्खी काच रबरातून निघून पुढे पडायची." आता काच पॉलियुरेथेनने थेट बॉडीला चिकटवतात. छपराला ती आधार देते आणि शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना या काचेलाच टेकून उघडते. म्हणजे काच जागची सुटली, तर एअरबॅगही फुकट.

त्यांनी चिकटीतून वेणीची तार आरपार घातली. एक टोक गाडीत बसलेल्या, हाताखालच्या पोराच्या हातात, एक त्यांच्या. करवतीसारखी तार ओढत ते कडेकडेने फिरले. काच निघाल्यावर जुनी काळी चिकटी पार खरवडून काढली नाही. पाच-दहा कागद एकावर एक ठेवले तर होईल एवढा थर मुद्दाम ठेवला. "नवी जुनीलाच नीट धरते. पत्र्यापर्यंत खरवडलं, की गंज." जिथे ओरखडा पडला तिथे प्रायमर लावला आणि तो सुकेपर्यंत हात बांधून उभे राहिले. नव्या काचेच्या कडेचा काळा पट्टा मी आजवर शोभेचा समजत होतो. तो काचेत भाजलेला मुलामा आहे. खालच्या चिकटीला ऊन लागून ती सडू नये म्हणून. मग गनमधून चिकटीची त्रिकोणी, अखंड वात चौकटभर ओढली. कुठेही हात थांबला नाही, कारण थांबला तिथे पावसात पाणी शिरतं. दोघांनी सक्शन कपांनी काच उचलली, वर धरली, नजरेने मधोमध आणली आणि टेकवली. खरंच पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"श्रावणात लवकर धरते," मामा टेप लावताना म्हणाले. खरं आहे, ही चिकटी हवेतल्या ओलीनेच घट्ट होते. ज्या ओलीने रात्रीत तडा पुढे सरकवला, तीच आता काच जखडत होती. बाजूच्या काचा त्यांनी दोन बोटं खाली करायला लावल्या. दार आपटलं तर आतली हवा ओली चिकटी ढकलून देते. विम्याचे कागद भरताना कळलं, की प्लास्टिक-रबरी भागांची निम्मी किंमत घसाऱ्यात कापतात, काचेची कापत नाहीत.

जुनी काच भिंतीशी टेकवून ठेवली होती. काढताना ती आणखी दहा ठिकाणी तडकली होती. पोराने ती कवेत घेऊन मागच्या ढिगावर नेली, तेव्हा ती ओल्या गोधडीसारखी त्याच्या खांद्यावर वाकली, करकरली. ती नेलेल्या वाटेवर मी वाकून पाहिलं. फरशीवर काचेचा एक दाणाही पडला नव्हता.