गरोदर मातांची एच.आय.व्ही. चाचणी आणि तिच्याविषयीचे दृष्टिकोन (महाराष्ट्र)

गरोदर मातांची एच.आय.व्ही. चाचणी ही प्रसूतिपूर्व तपासणीचा भाग म्हणून केली जाणारी चाचणी आहे. बाधित मातेकडून बाळाला गर्भारपणात, प्रसूतीच्या वेळी किंवा स्तनपानातून संसर्ग होऊ शकतो. उपचारांअभावी हे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. वेळीच उपचार मिळाल्यास ते ५ टक्क्यांच्या खाली आणता येते.

पार्श्वभूमी

भारतात एच.आय.व्ही.चे पहिले निदान १९८६ मध्ये चेन्नई येथे झाले. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना १९९२ मध्ये स्थापन झाली. मातेकडून बाळाला होणारा संसर्ग रोखण्याच्या कार्यक्रमात सुरुवातीला नेव्हिरापिन या औषधाची एकच मात्रा देत. २०१४ पासून बाधित गरोदर मातांना आजीवन तीन औषधांचा उपचार दिला जातो. महाराष्ट्रात शासकीय रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत (आय.सी.टी.सी.) ही चाचणी मोफत होते. पन्हाळा तालुक्यातील जोतिबासारख्या ग्रामीण भागात गरोदर स्त्रियांना तपासणीपर्यंत आणण्यात आशा कार्यकर्त्यांचा मोठा वाटा असतो.

स्त्रियांचा दृष्टिकोन

वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे प्रसूतिकक्षात चोवीस तास जलद चाचणी उपलब्ध करून दिलेल्या अभ्यासात (२००८) १,२५२ पैकी १,२२२ स्त्रियांनी, म्हणजे सुमारे ९८ टक्के स्त्रियांनी, चाचणीस संमती दिली. त्यांतील बहुसंख्य स्त्रियांची त्याआधी चाचणी झालेली नव्हती किंवा अपुरी झाली होती. यावरून, चाचणी न होण्याचे कारण नेहमी स्त्रीचा नकार हेच नसते, हे स्पष्ट होते.

भीती बहुधा चाचणीपेक्षा तिच्या निकालाची असते. गर्भारपणातील तपासणीमुळे अनेकदा कुटुंबात पत्नीचेच निदान आधी होते. पतीची चाचणी झालेली नसताना संसर्गाचा दोष तिच्यावर येण्याची, तसेच सासरी निकाल उघड होण्याची शक्यता तिला भेडसावते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या प्रथेमुळे नोंदणी एका गावी व प्रसूती दुसऱ्या गावी होते. अशा वेळी चाचणीची नोंद सोबत न आल्यास उपचारांत खंड पडू शकतो. म्हणून समुपदेशनात पतीच्या चाचणीलाही महत्त्व दिले जाते.

कायदेशीर संरक्षण

एच.आय.व्ही. व एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार चाचणीपूर्वी माहितीपूर्ण संमती घेणे व निकालाची गोपनीयता राखणे बंधनकारक आहे. आरोग्यसेवेसाठी चाचणीची पूर्वअट घालणे हा या कायद्यान्वये भेदभाव ठरतो.