लिस्बनची पहिली भेट : चार दिवसांचे नियोजन

पेडणे तालुक्यातील जुन्या घरांना लिस्बन हे नाव नवे नाही. तेरेखोलचा किल्ला पोर्तुगिजांनी १७४६ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला आणि १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा लिस्बनचा अंमल संपला. आता आपल्यापैकी अनेकांची मुले युरोपात आहेत. त्यांच्याकडे जाता-येता लिस्बन पाहून यावे असे ज्येष्ठ मंडळींना वाटते. अशा पहिल्या, छोट्या भेटीसाठी ही माहिती.

व्हिसा

पोर्तुगाल शेंगेन देशांत मोडतो. इंग्लंडचा व्हिसा तिथे चालत नाही; इंग्लंडमध्ये असलेल्या भारतीय पासपोर्टधारकालाही शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो. पोर्तुगालचा महावाणिज्य दूतावास पणजीत आहे, पण पर्यटकांचे अर्ज अधिकृत व्हिसा केंद्रामार्फत घेतले जातात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटची मर्यादा पंधरा दिवस. प्रत्यक्षात दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो असून केंद्राचा सेवा आकार वेगळा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो.

बँकेत नोकरी केली म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. अर्जाच्या आठवडाभर आधी नातेवाइकांकडून मोठी रक्कम खात्यात आणून ठेवू नये. शिल्लक किती यापेक्षा ती कुठून आली हे तपासले जाते. नियमित पेन्शन आणि थोडीफार मुदत ठेव दाखवणारे, बँकेचा शिक्का असलेले विवरण जास्त उपयोगी पडते. खर्च मुलगा करणार असेल तर तसे त्याचे पत्र आणि उत्पन्नाचे कागद जोडावेत.

पैसे

डेबिट कार्डावर परदेशातील वापर निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावा. तिथे दुकानातील यंत्र किंवा एटीएम 'रुपयांत की युरोत?' असे विचारते. नेहमी युरो निवडावे. रुपये निवडल्यास यंत्रवाल्याचा महाग दर लागतो. सहल कंपनीने पॅकेजवर कापलेला टीसीएस हा खर्च नव्हे, तो आयकर विवरणपत्रात वळता होतो. पावती जपून ठेवावी.

काय पाहावे

चार दिवसांत सगळे शहर होत नाही. लिस्बन टेकड्यांवर वसले आहे, पदपथ गुळगुळीत दगडांचे आहेत आणि पावसात घसरतात. गुडघे दुखत असतील तर रोज एकच भाग घ्यावा. मुक्काम बायशा भागात करावा, तो सपाट आहे.

पहिला दिवस बायशातच काढावा. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपानंतर मार्केश द पोंबाल यांच्या काळात हा भाग सरळ रस्त्यांनी नव्याने बांधला गेला. नदीकाठच्या भव्य चौकात पूर्वी राजवाडा होता. म्हणजे तेरेखोल घेतल्यानंतर नऊच वर्षांत खुद्द राजधानीच कोसळली होती.

दुसरा दिवस बेलेंचा. १५ क्रमांकाच्या ट्रामने जावे. जेरोनिमुश मठाचे बांधकाम १५०१ साली सुरू झाले. वास्को द गामाचे थडगे तिथल्या चर्चमध्ये आहे. मठ सोमवारी बंद असतो. आम्ही हे न पाहता सोमवारी गेलो आणि बंद दार बघून परतलो. म्हणून मधले दिवस मंगळवार ते शुक्रवार येतील असे तिकीट काढावे.

तिसऱ्या दिवशी आल्कांतारातील ओरिएंत संग्रहालय पाहावे. पोर्तुगिजांच्या आशियातील वावराच्या वस्तू तिथे आहेत. तेही सोमवारी बंद. गोमंतकीयांची 'काझा द गोवा' ही संस्था त्याच परिसरात आहे. आधी संपर्क करून जावे.

चौथा दिवस मोकळा ठेवावा. शहराच्या उत्तरेकडे लुमियार भागात तिथल्या हिंदू समाजाचे राधाकृष्ण मंदिर आहे. हा समाज बहुतांशी मोझांबिकमार्गे गेलेल्या गुजराती कुटुंबांचा आहे.

खाणे आणि सुरक्षितता

हॉटेलात न मागता मांडलेले पाव, ऑलिव्ह, चीज फुकट नसते; नको असल्यास लगेच परत द्यावे. 'काल्दु व्हेर्द' हे पालेभाजीचे सूप दिसते, पण त्यात सहसा चोरीस असते. शाकाहारी व्यक्तीने 'सें कार्न, सें पेइश' (मांस नको, मासे नको) असे सांगावे. आभार मानताना पुरुषांनी 'ओब्रिगादु' आणि स्त्रियांनी 'ओब्रिगादा' म्हणावे. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते. २८ क्रमांकाच्या ट्राममध्ये पाकीटमार असतात. पासपोर्ट मुक्कामी ठेवून छायाप्रत जवळ बाळगावी. अडचणीत ११२ हा क्रमांक लावावा.

एक काम या भेटीत जोडू नये

आजोबांची जन्मनोंद लिस्बनला करून टाकू, असे काहीजण ठरवून जातात. चार दिवसांत ते होत नाही. त्याची कागदपत्रे गोव्यातच जमवावी लागतात आणि प्रकरण पुढे बराच काळ चालते. शिवाय स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार भारतीय नागरिकत्व संपते. त्याबरोबर इथले मतही जाते. हा निर्णय सर्वांनी घरी बसून, वकिलाचा सल्ला घेऊन करावा. एजंटाच्या भरवशावर सहलीच्या घाईत करण्याचा तो नाही.

लिस्बनला पाहुणे म्हणून जावे आणि सावकाश पाहावे. परत आल्यावर केरीची फेरी घेऊन पुन्हा तेरेखोलच्या किल्ल्यावर जावे. तटावरून दिसणारा समुद्र त्यानंतर थोडा निराळा वाटतो.