वय जास्त, वजन कमी: बायकांची हाडे ठिसूळ का होतात?

दापोलीसारख्या तालुक्यात सत्तरीतली एखादी आजी सडपातळ असली की 'काटक आहे, तिला काही होत नाही' असे आपण सहज म्हणतो. हाडांच्या बाबतीत हिशोब बरेचदा उलटा असतो.

ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडे आतून विरळ होऊन ठिसूळ बनणे. साधारण तिशीपर्यंत हाडांचा साठा वाढतो, मग हळूहळू घटतो. पाळी थांबली की इस्ट्रोजेन कमी होते आणि पुढची काही वर्षे ही झीज फार वेगाने होते. भारतात बहुतेक बायकांची पाळी पन्नाशीच्या आतच थांबते, म्हणजे झीजही लवकर सुरू होते.

वजनाचा काय संबंध?

शरीराचा भार पडला की हाड मजबूत राहते. शिवाय पाळी थांबल्यावर जे थोडे इस्ट्रोजेन तयार होते, ते बरेचसे चरबीत. म्हणून अगदी किरकोळ अंगकाठीच्या बाईला धोका जास्त. पण म्हणून वजन वाढवत सुटायचे नाही! लठ्ठपणाने मधुमेह, गुडघेदुखी मागे लागते, आणि जाड बायकांचीही घोट्याची, दंडाची हाडे मोडतात. उपाशी राहून झटपट वजन उतरवले तरी हाडे झिजतात.

घरच्या घरी अंदाज

2001 साली आशियाई बायकांसाठी एक सोपे सूत्र मांडले गेले. पाळी थांबलेल्या बाईचे किलोतले वजन घ्या, त्यातून वय वजा करा, उत्तराला 0.2 ने गुणा आणि दशांश सोडून द्या. उत्तर उणे 4 च्याही खाली गेले तर धोका जास्त, उणे 1 ते उणे 4 मध्यम, त्याहून वर कमी. वय 70, वजन 42 असेल तर उणे 28 गुणिले 0.2, म्हणजे उणे 5.6, दशांश सोडून उणे 5. धोका जास्त. वय 55, वजन 58 असेल तर उत्तर शून्य, धोका कमी.

हे निदान नव्हे. निदान डेक्सा तपासणीने होते. टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस. त्यासाठी बहुधा मोठ्या शहरात जावे लागते, म्हणून आधी कोणाला न्यायचे हे ठरवायला सूत्र कामाला येते. स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतलेल्या, आधी किरकोळ पडून हाड मोडलेल्या किंवा आईचे खुब्याचे हाड मोडलेल्या बाईने मात्र उत्तर काहीही येवो, डॉक्टरांना विचारावे. तरुणपणापेक्षा उंची तीन-चार सेंटिमीटरने कमी झाली असेल तरीही. मणका न दुखताही दबलेला असू शकतो, आणि आपण 'वयाने वाकली' म्हणून सोडून देतो.

ताटात काय?

पाळी थांबलेल्या बाईला रोज सुमारे 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असते. हर्णैच्या बाजारात मिळणारी, काट्यासकट खाता येते अशी बारीक मासळीही चांगली. पापलेटच्या तुकड्यातून तेवढे मिळत नाही, कारण काटा आपण टाकून देतो. ऊन आणि चालणे हवेच. निदान झाले तर आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्यांसारखी औषधे आहेत, ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

आणि पावसाळ्यात जांभ्याच्या पाखाडीवरचे शेवाळ घासून काढा. खुब्याचे हाड बहुतेक वेळा पडूनच मोडते, आणि गावात आजी पुष्कळदा एकटीच असते.