पाळीव सापाला मेलेला उंदीर खायची सवय कशी लावतात?

चिमट्यात पांढरा उंदीर धरून पेटीतल्या सापापुढं हलवणारे परदेशी व्हिडिओ तुम्हीही मोबाईलवर पाहिले असतील. साप मेलेलं खातो का, असं बरेच जण विचारतात. खातो. रानातला सापसुद्धा आयता मेलेला उंदीर किंवा बेडूक सापडला तर कधीकधी गिळतो.

पण हे व्हिडिओ अमेरिका-युरोपातले. तिकडं कॉर्न स्नेक, बॉल पायथन असे बिनविषारी साप पाळतात. आपल्याकडं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणं नाग, धामण, अजगर असे साप घरात ठेवणं गुन्हा आहे, मग खायला काहीही घाला.

तिकडं जिवंत उंदीर टाकायचं टाळतात, त्याला कारण आहे. साप भुकेला नसला तर उंदीरच त्याला कुरतडतो, रात्रीत पाठीला खोल जखमा करतो. म्हणून दुकानात गोठवलेले उंदीर मिळतात. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून बर्फ उतरवायचा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवायचा. उकळतं पाणी किंवा मायक्रोवेव्ह नको, उंदीर शिजतो नायतर फुटतो. उंदीर सापाच्या अंगाच्या जाडीएवढाच घ्यायचा.

खरी अडचण सवयीची. जिवंत शिकारीवर वाढलेल्या सापाला आधी ताजा मारलेला देतात, तो घेऊ लागला की गोठवलेला. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर ऊब ओळखणारे खड्डे असतात (आपल्या अजगरालाही असतात), म्हणून उंदराचं डोकं कोमट पाहिजे. कॉर्न स्नेकला तसे खड्डे नसतात, तो जास्त करून जिभेनं वास टिपतो. मग जिवंत उंदराच्या खोक्यातला भुसा मेलेल्याच्या अंगाला चोळतात. लांब चिमट्यानं शेपटीकडून धरायचा, हळू हलवायचा, आणि तेही संध्याकाळी, अंधारात. हातानं द्यायचा नाही, ऊब कुठली हे सापाला कळत नाही.

घेतला नाही तर रात्रभर तिथंच ठेवून सकाळी फेकायचा, पुन्हा गोठवायचा नाही. पाच-सात दिवसांनी परत बघायचं. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात, तेव्हा साप खात नाही. मोठा बॉल पायथन तर महिनोन् महिने उपाशी राहतो. वजन उतरत नसेल तोवर घाबरायचं कारण नाही. खाल्ल्यावर दोन दिवस सापाला उचलायचं नाही, नाहीतर उलटून टाकतो.

आपल्या कामाचं एवढंच. रानातला साप मेलेलंही गिळतो, मग औषध खाऊन मेलेले उंदीर बांधावर टाकू नका, खोल पुरा. ब्रोमाडिओलोनसारखं औषध उंदराच्या अंगात राहतं आणि तो खाणाऱ्या घुबड-घारीलाही बाधतं. घरात साप निघाला तर टबात कोंडून ठेवू नका, वनविभागाच्या १९२६ नंबरला फोन लावा.