निवेदकाचे पात्र : हिचकॉक यांच्या गुन्हेकथामालिकेची प्रास्ताविके

गुन्हेकथांच्या मालिकेची जाहिरात करावयाची तर तिच्या नायकास पुढे करावे, हा सर्वमान्य प्रघात होय. गुप्तहेराची लकब, त्याचा पेहराव, त्याचे ठरावीक वाक्य एवढ्यानेच प्रेक्षकास पुढील भागाची ओढ लागते. परंतु जिच्यात दर आठवड्यास कथा निराळी आणि पात्रेही निराळी, तिने कोणास पुढे करावे? २ ऑक्टोबर १९५५ रोजी अमेरिकेत सी.बी.एस. वाहिनीवर सुरू झालेल्या ‘आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स’ ह्या मालिकेपुढे हाच प्रश्न होता. तिने निवेदकालाच पात्र बनवून तो सोडविला.

ह्या पात्राची घडण विचारपूर्वक झालेली दिसते. पडद्यावर प्रथम हिचकॉक यांच्या मुखाची मोजक्या रेषांची आकृती येई; ती त्यांनी स्वतःच रेखाटलेली होती. त्यांची छाया त्या आकृतीत येऊन सामावे आणि पार्श्वभूमीस गूनो ह्या फ्रेंच संगीतकाराची, कळसूत्री बाहुलीच्या अंत्ययात्रेवरील धून वाजे. त्यानंतर संथ व निर्विकार स्वरात निवेदन सुरू होई. ह्या निवेदनांचे लेखक मात्र जेम्स ॲलर्डाइस हे होते. तेव्हा त्यांतील ‘मी’ म्हणजे दिग्दर्शक हिचकॉक नव्हेत. तो एकाने लिहिलेला आणि दुसऱ्याने वठविलेला ‘मी’ होय.

ह्या ‘मी’चे खरे सामर्थ्य प्रायोजकाच्या जाहिरातीपाशी प्रकट होते. जाहिरातीकडे वळताना निवेदक तिचीच थट्टा करी. प्रायोजकास आरंभी हे रुचले नाही. पुढे मालिका लोकप्रिय होताच तो विरोध मावळला. कारण उघड आहे. ज्या क्षणी प्रेक्षकाचे लक्ष उडावयाचे, नेमका तोच क्षण निवेदकाने रंजक केला होता. ब्रिटिश प्रेक्षकांसाठी मात्र निराळी निवेदने चित्रित करावी लागली. तेथे कार्यक्रमास प्रायोजक नसे. आणि प्रायोजकच नसेल तर त्याच्या थट्टेस अर्थ कोठून येणार? उक्तीचा अर्थ प्रसंगावर किती अवलंबून असतो, ह्याचे हे बोलके उदाहरण होय.

१९६० साली ‘सायको’ ह्या चित्रपटाची जाहिरात करताना हेच पात्र दूरचित्रवाणीवरून चित्रपटगृहात आले. सहा मिनिटांहून अधिक लांबीच्या त्या जाहिरातपटाचे लेखनही ॲलर्डाइस यांचेच. एखाद्या वाटाड्याप्रमाणे हिचकॉक प्रेक्षकास ओसाड पथिकाश्रम आणि त्यामागील घर दाखवितात, वाक्य अर्धवट सोडतात, पुढे सरकतात. अखेरीस ते न्हाणीघराचा पडदा ओढतात आणि एक स्त्री किंचाळते. ती स्त्रीदेखील त्या प्रसंगातील अभिनेत्री जॅनेट ली नसून व्हेरा माइल्स आहे. स्थळे सारी दाखविली, कथा मात्र हाती लागू दिली नाही.

गुन्हेकथेच्या जाहिरातीपुढील पेच नेहमी हाच असतो : काही सांगितल्याविना ओढ लागत नाही आणि फार सांगितले तर कथेचा जीवच जातो. कथेबाहेर उभ्या असलेल्या पात्रास पुष्कळ बोलता येते, कारण त्याच्या बोलण्याने कोणतेही रहस्य फुटत नाही. ह्या निवेदनांचे ऐतिहासिक महत्त्व त्यांच्या विनोदाहून ह्या योजनेत अधिक आहे.