हरलेल्या डावाची चिकित्सा
बुद्धिबळात फासे नसतात, वाटली जाणारी पानेही नसतात, त्यामुळे हरणाऱ्याला पराभवाचे खापर दैवावर फोडता येत नाही. मेहनत करूनही खेळ जागचा हलत नाही, हा खेळाडूंचा वैताग त्यामुळेच अधिक बोचरा ठरतो. त्याला अभ्यासाचे वळण देण्यासाठी मात्र आधी डाव टिपून ठेवण्याची रीत रुजावी लागली. अलेप्पोच्या फिलिप स्टामाने १७३७ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात पटावरील प्रत्येक घर अक्षर आणि अंक यांनी ओळखण्याची पद्धत वापरली, आणि १८३४ मध्ये लंडनला ला बूर्दोने व मॅकडॉनेल यांच्यात झालेले डाव विल्यम ग्रीनवुड वॉकर यांनी टिपल्यामुळे ते पुढच्या पिढ्यांना खेळून पाहता आले.

या रीतीला शिस्तीचे रूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने सोव्हिएत संघाच्या मिखाईल बोत्विनिक (जन्म १९११) यांना जाते. विद्युत अभियांत्रिकीत संशोधन करणाऱ्या या खेळाडूने स्वतःच्या चुकांकडेही संशोधकाच्या नजरेने पाहिले. डावाचे विश्लेषण करून, म्हणजे प्रत्येक निर्णायक टप्प्यावर कोणत्या खेळी शक्य होत्या हे तपासून, ते छापावे, असा त्यांचा आग्रह होता. कारण घरच्या वहीतला निष्कर्ष कोणी खोडत नाही, पण छापलेल्या निष्कर्षातील चूक वाचक दाखवून देतात आणि खेळाडूला स्वतःची फसवणूक करता येत नाही. सरावाचा भागही तितकाच काटेकोर होता. तंबाखूच्या धुराने एकाग्रता मोडते हे ध्यानात आल्यावर, त्यांनी सहकारी व्याचेस्लाव रागोझिन यांना सरावाच्या डावांत मुद्दाम तोंडावर धूर सोडायला सांगितले. चिडचिडीचे कारण टाळण्याऐवजी ते सरावात आणण्याचा हा मार्ग आजही दाद द्यावी असा आहे.

या पद्धतीची खरी परीक्षा १९६० मध्ये झाली. तेवीस वर्षांच्या मिखाईल ताल यांनी जगज्जेतेपदाच्या लढतीत बोत्विनिक यांना १२½–८½ असे हरवले. सहाव्या डावात ताल यांनी घोड्याचे बलिदान दिले, म्हणजे हल्ल्यासाठी तो मोबदल्याविना देऊ केला, तेव्हा प्रेक्षकांत इतका गलका झाला की डाव आतल्या खोलीत हलवावा लागला. त्या बलिदानाला उत्तर होते हे पुढच्या विश्लेषणात दिसले. पण घड्याळ चालू असताना ते सापडले नव्हते. सतराव्या डावातही वेळेच्या टंचाईने बोत्विनिक यांचा घात केला. पराभूत जगज्जेत्याला फेरलढतीचा हक्क देणारा नियम तेव्हा होता. त्याचा आधार घेऊन स्मिस्लोव्ह यांच्याकडून १९५७ मध्ये गमावलेले पद त्यांनी १९५८ मध्ये परत मिळवले होते. आता वर्षभर ताल यांचा खेळ अभ्यासून, वजिरांची अदलाबदल करून पट शांत करण्याच्या आणि संयमी अंत्यखेळाकडे वळण्याच्या तयारीने ते १९६१ मध्ये बसले आणि १३–८ असे जिंकले. ताल यांना मूत्रपिंडाच्या आजाराने ग्रासले होते, हे या विजयाचे मोल ठरवताना विसरणे अन्याय्य होईल. तरीही पन्नाशीला टेकलेल्या खेळाडूने अपमान वाटावा अशा पराभवातून खेळाची नवी आखणी केली, याचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.

पेत्रोस्यान यांच्याकडून १९६३ मध्ये ते हरले तेव्हा फेरलढतीचा नियम रद्द झालेला होता. त्याच सुमारास त्यांनी होतकरू मुलांसाठी शाळा सुरू केली, जिथे विद्यार्थ्यांना आपले डाव, हरलेलेसुद्धा, पटावर मांडून समजावून द्यावे लागत. तेथे आलेल्या लहानग्या अनातोली कार्पोव्ह यांना बुद्धिबळातले काही कळत नाही, असे मत खुद्द बोत्विनिक यांनी तेव्हा बनवले होते. गुरूचा अंदाज साफ चुकला, पण त्यांनी दिलेला गृहपाठ वाया गेला नाही: तो पुरा करण्यासाठी पुस्तके उघडावी लागली आणि त्याचा फार उपयोग झाला, असे कार्पोव्ह यांनी पुढे सांगितले. १९७५ मध्ये ते जगज्जेते झाले, आणि १९८५ मध्ये त्यांना हरवणारे गॅरी कास्पारोव्ह हेही त्याच शाळेचे विद्यार्थी होते.