अस्सलबरहुकूम नक्कल

जुन्या महसुली कागदांच्या नकला पाहिल्या असतील, तर त्यावरचा एक शेरा ओळखीचा असेल : 'अस्सलबरहुकूम नक्कल'. अस्सल, हुकूम आणि नक्कल हे तिन्ही शब्द मूळचे अरबी. फारसी दप्तरातून ते मराठीत आले आणि इथलेच झाले. शेऱ्याचा अर्थ सरळ आहे : मूळ कागदात जे आहे तेच इथे उतरवले आहे. नक्कल करणारा माणूस या शेऱ्याने जबाबदारी घेत असे.

आज नक्कल संगणक करतो. स्कॅनरमधून टिफ फाईल निघते, तिची जेपेग होते, जेपेगची पीडीएफ होते आणि ती कुठल्यातरी पोर्टलवर चढते. एका फाईलचे दुसऱ्या प्रकारात रूपांतर करणे हे दोन सेकंदांचे काम. पण त्या दोन सेकंदांत काय गळले, याची जबाबदारी घेणारा शेरा कुठेच नसतो. हा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या इतिहासातून पाहिला तर त्याचे वजन कळते.

मोताळा तालुक्यातील रोहिणखेडची मशीद खुदावंद खान महदवी याने १५८२ मध्ये बांधली. साखरखेर्ड्याची मशीदही त्याचीच, एक वर्ष आधीची. अशा वास्तूंवरचे फारसी शिलालेख अभ्यासकांपर्यंत पोहोचतात ते ठशांच्या रूपात. दगडावर ओला कागद बसवायचा, ब्रशने ठोकायचा, वरून शाई फिरवायची. उठावाची अक्षरे काळी होतात, खोलगट भाग पांढरा राहतो. दगडाचा रंग, त्यावर चढलेले शेवाळ, झिजलेली कड यांतले फारसे काही कागदावर येत नाही. हे पहिले रूपांतर. १९०७-०८ पासून 'एपिग्राफिया इंडो-मोस्लेमिका' या सरकारी प्रकाशनात असे ठसे छापले जाऊ लागले, ते दुसरे. पुढे जुनी पुस्तके स्कॅन झाली, ते तिसरे. त्यातले एक पान जेपेग होऊन आपल्या मोबाईलवर येते, ते चौथे. चौथ्या पायरीवर उभे राहून आपण 'शिलालेखात असे लिहिले आहे' म्हणतो.

दगड निदान जागेवर असतो. कागदाचे तसे नाही. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईत निजाम-उल-मुल्कने मुबारिज खानाचा पराभव केला आणि वऱ्हाडाचे दप्तर निजामाकडे गेले. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आले, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. प्रत्येक वेळी वरची कचेरी बदलली. फारसी, मोडी, उर्दू, इंग्रजी, देवनागरी असा कागदांचा प्रवास झाला. १८५९ च्या वऱ्हाड इनाम नियमांनी इनामदारांच्या हक्कांची छाननी झाली. मशिदीची असो, मंदिराची असो की देशमुखाची, सनद हाच पुरावा होता. ज्याच्याकडे अस्सल होते तो उभा राहिला. ज्याच्याकडे फक्त नकलेची नक्कल होती, त्याची बाजू लंगडी पडली.

आता फाईलींकडे येऊ. टिफ हा प्रकार १९८६ मध्ये आला. त्यात चित्रातला एकही ठिपका न गमावता साठवता येतो, म्हणून अभिलेखागारे तो पसंत करतात. मात्र फाईल जड होते. जेपेगचे मानक १९९२ चे. ते छायाचित्रांसाठी घडवलेले आहे. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून, डोळ्याला सहसा जाणवणार नाही असा बारीक तपशील ते टाकून देते. निसर्गचित्रात हे खपते. फारसी लिपीत खपत नाही, कारण तिथे बारीक तपशील म्हणजे नुक्ता. एका नुक्त्याने 'बे' होतो, दोन नुक्त्यांनी 'ते', तिनांनी 'से'. जेपेग पुन्हा उघडून, बदल करून पुन्हा जेपेगमध्येच साठवली की थोडा तपशील परत गळतो. चार हातांतून गेलेली सनद अशी धूसर होते की गावाचे नाव वाचायलाही अंदाज बांधावा लागतो.

टिफ म्हणजे आपोआप सुरक्षित, असेही नाही. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या प्रकल्पाने लाखो पुस्तके स्कॅन केली. त्यात असंख्य पाने निव्वळ काळ्या-पांढऱ्या टिफमध्ये साठवली गेली. छापील मजकुरासाठी ते चालून जाते. पण अशाच पद्धतीने सनद स्कॅन केली, तर पुसट मोहर एकतर नाहीशी होते किंवा काळा डाग बनते. मधल्या करड्या छटेला तिथे जागाच नाही. आणि सनदेचा जीव मोहरेत असतो.

हे रूपांतर करणाऱ्या साधनांपैकी सर्वांत जुन्या आणि विश्वासू साधनांत इमेजमॅजिकची गणना होते. जॉन क्रिस्टी यांनी १९८७ मध्ये ड्यूपाँट कंपनीत असताना ते लिहायला घेतले. लाखो रंगांची चित्रे २५६ रंगांच्या पडद्यावर कशी दाखवायची, ही त्यांची अडचण होती. १ ऑगस्ट १९९० रोजी ते सर्वांसाठी मोफत खुले झाले. त्याला बटणे नाहीत, काळ्या पडद्यावर कमांड लिहायची. मी ओळखीच्या घरांतले आणि मशिदींतले जुने कागद स्कॅन करून देतो तेव्हा हेच वापरतो. पाचशे पाने एका ओळीत बदलून होतात.

पण त्यातल्या दोन कमांडमधला फरक ध्यानात घ्यायला हवा. 'कन्व्हर्ट' (नव्या आवृत्तीत 'मॅजिक') मूळ फाईल वाचते आणि तुम्ही दिलेल्या नावाने नवी फाईल बनवते. 'मोग्रिफाय' मात्र, नवा प्रकार किंवा वेगळे फोल्डर सांगितले नाही तर, मूळ फाईलवरच लिहिते. पहिली नक्कल करते, दुसरी अस्सल खोडून त्या जागी नक्कल बसवते. तसेच पीडीएफमधून चित्र काढताना 'डेन्सिटी' ३०० अशी फाईलच्या नावाआधी सांगावी. न सांगितल्यास इंचाला ७२ ठिपक्यांचे चित्र मिळते आणि अक्षरे फुटतात.

आपल्या हस्तलिखितांच्या परंपरेत यावर एक उत्तर होते : मुकाबला. कातिबाने प्रत लिहून झाली की ती मूळ ग्रंथाशी ताडून पाहायची आणि तशी नोंद समासात करायची. हदीसच्या अभ्यासात मजकुराइतकाच महत्त्वाचा असतो तो कोणाकडून कोणाकडे आला याचा सिलसिला. इमेजमॅजिकमध्येही मुकाबल्याची सोय आहे. 'कम्पेअर' दोन चित्रे ताडून फरकाच्या जागा लाल रंगात दाखवते. 'आयडेंटिफाय' फाईलचा प्रकार आणि आकार सांगते. सोय आहे, सवय नाही.

ही सवय आता का लागली पाहिजे? जून २०२५ मध्ये केंद्र सरकारचे 'उमीद' पोर्टल सुरू झाले आणि वक्फ मालमत्तांचे तपशील कागदांसह त्यावर भरण्यासाठी सहा महिन्यांची मुदत मिळाली. त्याआधी २०२३ पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींसाठी मोडी कागदांचा शोध सुरू झाला. मुतवल्ली असो की शेतकरी, दोघांच्या हातात पिवळा पडलेला कागद आणि दोघांसमोर घाईची रांग. घाईत मोबाईलवर फोटो काढला जातो, आकार लहान केला जातो, फाईल चढते, आणि 'आता ऑनलाईन आहे ना' म्हणून कागद पुन्हा वाळवीच्या हवाली होतो. उद्या कोर्टात मोहर वाचायची वेळ आली, तर ती लहान केलेली फाईल काय साक्ष देणार?

म्हणून सांगणे इतकेच. कागद रंगीत आणि निदान ३०० ठिपक्यांवर स्कॅन करा, मागची बाजूही घ्या. ती टिफ फाईल दोन वेगळ्या जागी ठेवा आणि तिच्यावर कोणतीही कमांड चालवू नका. पोर्टलसाठी, मित्रांसाठी, पुस्तकासाठी जेपेग लागेल ती दरवेळी त्याच टिफवरून बनवा. सोबत एका साध्या मजकूर फाईलमध्ये लिहा : कागद कोणाकडचा, कोणत्या तारखेला स्कॅन केला, कोणी केला, कोणी ताडून पाहिला. खाली आपले नाव घाला.